शाळेमागची आळी

टेम्पोत सगळं सामान चढलं आणि मग अब्बांनी घराची दारं उतरवायला घेतली. बिजागऱ्या गंजल्या होत्या. त्यांनी त्यांत तेल सोडलं, थोडं थांबले आणि हलक्या हाताने दोन्ही फळ्या सोडवल्या. अम्मी म्हणाली, तिकडे या कुठे लावणार? भोसरीत घेतलेल्या भाड्याच्या खोलीला लोखंडी दार आधीपासूनच होतं. फळ्यांना जुनी गोधडी गुंडाळून अब्बांनी त्या गाद्यांच्या शेजारी उभ्या केल्या.

आळीतली सगळी माणसं निरोपाला आली. कुणी चहा आणला, कुणी प्रवासासाठी भाकरी बांधून दिल्या. फक्त कमलमावशीचं दार बंद होतं. ती घरातच होती, कारण तिच्या तव्यावरच्या मिरचीचा ठसका आम्हाला बाहेर लागत होता. तिची नि आमची भिंत एकच. मी लहानपणी भिंतीवर टकटक केली की पलीकडून तिची सुजाता टकटक करायची. सुजाता माझ्याच वर्गात. त्या दिवशी तीही बाहेर आली नाही.

हे मी आळीतल्या त्या सगळ्यांसाठी लिहिते आहे, जे आता पिंपरी, कल्याण, मंचर, नाशिक असे पांगलेत. आणि जे गावातच दुसऱ्या टोकाला जाऊन राहिलेत, त्यांच्यासाठीही.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं, आठवडे बाजाराचं. शाळा दहावीपर्यंत. तिच्या मागच्या भिंतीला लागून आमची आठ-दहा घरं. जागा शाळा चालवणाऱ्या संस्थेची, पण आमचे आजोबा-पणजोबा तिथेच राहत आलेले. अब्बा गाद्या भरायचे. मधल्या सुट्टीत पोरं आमच्या ओट्यावर पाणी प्यायला यायची आणि त्यांच्या केसांत कापूस अडकायचा. बाई वर्गात विचारायच्या, गादीवाल्यांकडे गेला होतात ना?

माझी मोठी बहीण रुखसानाआपा शाळेत हुशार. दहावीनंतर पुढे शिकायचं तर एसटीने जुन्नरला जावं लागणार होतं. संध्याकाळची गाडी कधी यायची, कधी यायचीच नाही. अब्बांनी वर्षभर तिला थांबायला सांगितलं. मग मंचरचं स्थळ आलं आणि थांबणं कायमचं झालं. अब्बा ते कधी विसरले नाहीत. गादी शिवता शिवता मध्येच म्हणायचे, "इथंच बारावी असती तर पोरगी शिकली असती."

म्हणून संस्थेने अकरावी-बारावी काढायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. पण नव्या इमारतीशिवाय मंजुरी मिळणार नव्हती, आणि जुन्या इमारतीवर मजला चढवायला इंजिनिअर तयार नव्हते. पाया पेलणार नाही म्हणाले. पुढे रस्ता, दोन्ही बाजूंना लोकांची पक्की घरं. उरली मागची बाजू. म्हणजे आम्ही.

शाळेच्या पटांगणात बैठक झाली. संस्थेचे अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे सगळ्यांना जागा देऊ म्हणाले. तिथे रस्ता नव्हता, नळ नव्हता, पण ते सगळं होईल, असंही म्हणाले. मग अब्बा उठले. आमच्या घराची अडचण नाही, पोरींसाठी शाळा वाढू द्या, असं ते म्हणाले आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कमलमावशी बायकांच्या रांगेत बसली होती. नवरा गेल्यावर भाजी विकून तिने सुजाताला वाढवलं होतं. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जाताना आधी आमच्या दारात थांबायची आणि अम्मीला घरावर लक्ष ठेवायला सांगून जायची. ती बसल्या जागेवरूनच बोलली.

"रहीमभाऊ, शाळा पोरींसाठीच ना? मग पोरी ऱ्हायच्या कुठं?"

त्या दिवसापासून ती आमच्याशी बोलली नाही.

अब्बांनी हो म्हटल्यावर एकेक घर कबूल होत गेलं. ओढ्यापलीकडची जागा तयार व्हायची वाट बघत बसणं आम्हाला शक्य नव्हतं. मामूंनी भोसरीत अब्बांसाठी सोफ्याच्या कारखान्यात काम बघितलं आणि आम्ही निघालो. आमचं घर पाडल्यावर मावशीची भिंत उघडी पडली, हे मला आपाकडून नंतर कळलं. आमच्या बाजूचा निळा रंग, अम्मीच्या फळीच्या खुणा, सगळं रस्त्यावरून दिसत होतं म्हणे. तो एक पावसाळा मावशीने तिथेच काढला. भिंत आतून ओली झाली, मग फुगली. दिवाळीच्या आत ती सुजाताला घेऊन डिंगोऱ्याला भावाकडे गेली. सुजाताची शाळा तिथेच सुटली.

हे ऐकलं तेव्हा अब्बा जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आमच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्याच दिसतात.

मी मात्र शिकले. भोसरीत कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आज मी एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मोशीत आमचा फ्लॅट आहे, लिफ्ट बंद पडली की ग्रुपवर सगळे भांडतात. लोक म्हणतात, बरं झालं गाव सोडलंत. ते खोटं नाही. पण ते ऐकलं की मला सुजाताची आठवण येते आणि मी विषय बदलते.

नवी इमारत उभी राहायला बरीच वर्षं लागली. आळीतलं एकही मूल त्या वर्गांत बसलं नाही. कुणी मोठं झालं होतं, कुणी दूर गेलं होतं.

मागच्या वर्षी अब्बा गेले. शेवटच्या आजारात त्यांनी एकच मागितलं होतं, मला गावाला न्या. गेल्यावर दफनासाठी तिथेच नेलं. पण गावात आता आमच्या नात्यातल्या कुणाचंच घर नव्हतं, आणि आळीतले जे राहिले ते पार दुसऱ्या टोकाला. मशीद लहान, तिथे पुरुष थांबले. बायकांनी कुठे बसायचं, हे कुणालाच सुचेना. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला. रविवार आहे, नव्या इमारतीतली खालची खोली उघडून ठेवली आहे, तिथे बसा.

बाकं एका बाजूला सारलेली होती. आम्ही सतरंजीवर बसलो. अम्मीने खिडकीतून आळीतलं जुनं चिंचेचं झाड पाहिलं आणि अंदाज बांधून म्हणाली, आपला ओटा इथेच कुठेतरी होता.

दुपारी कमलमावशी आली. डिंगोऱ्याहून, एसटीने, एकटी. केस पार पांढरे झालेले. अम्मीने तिला पाहून हात पुढे केला, आणि दोघी कितीतरी वेळ एकमेकींचा हात धरून नुसत्या बसून राहिल्या. मी विचारलं, सुजाता कशी आहे?

"बरी हाय. तिची पोरगी हितंच अकरावीला हाय, वरच्या मजल्यावर. रोज एसटीनं येती. लई चांगलं शिकवत्यात." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या बापानं चूक न्हाई केली, पोरी. पण मी बी न्हाई केली."

हे अब्बांनी ऐकायला हवं होतं. तोवर त्यांना मातीत ठेवून पुरुष परतले होते.

संध्याकाळी शिपाई कुलूप घेऊन दाराशी उभा राहिला. घाई करत नव्हता, पण उभा होता. मावशीने कोपऱ्यातला झाडू घेतला, खोली झाडली आणि आम्ही दोघींनी मिळून बाकं होती तशी लावली. तिची डिंगोऱ्याची गाडी आधी आली.

आता कुणी मला गाव विचारलं की मी अजून तेच नाव सांगते. मग पुढचा प्रश्न येतो, तिथे कोण आहे तुमचं? कब्रस्तानात अब्बा आहेत. शाळेच्या वरच्या मजल्यावर सुजाताची मुलगी आहे, तिला मी अजून पाहिलेलं नाही. राहायला मात्र कुणीच नाही.