पंडुमाआधीची रसाची पंगत

आग्रह करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं सासरी बोललं जायचं आणि मलाही ते मनापासून खरं वाटायचं. मी वाढायला उभी राहिले की पंगतीतले लोक आधीच पानावर दोन्ही हात आडवे धरायचे. मी त्या हातांवरच वाटी तिरपी करायची. बोटांवरून रस ओघळायला लागला की माणूस हसत हात काढून घ्यायचा, आणि मी जिंकायची. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो तो रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणतो तो लाजून, तिसऱ्यांदा त्याला वाढायचंच असतं, असं आईने शिकवलं होतं. नको म्हणणाऱ्याला खरोखरच नको असेल, ही शक्यता आमच्या घराण्यात कोणाच्या डोक्यात आलेली मला आठवत नाही.

आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा उन्हाळा. नवरा जंगल खात्यात रेंजर होता. आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलात, पस्तीस-चाळीस गोंड घरांच्या एका गावाशेजारी आमचा क्वार्टर होता. मोटार तिथवर येत नसे. शेवटचे सात मैल बैलगाडी.

त्या गावात माझं ज्या बाईशी जमलं ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी होती. तरी मी तिला ‘अगं’ म्हणायची आणि ती मला ‘तुम्ही’. साहेबाची बायको म्हटल्यावर हे असंच चालायचं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. धाकटी मुलगी झाली तेव्हा भर पावसाळा होता. नाले भरलेले, अहेरीला जायला वाट नाही. हीच बाई दोन दिवस माझ्या उशाशी बसली आणि तिनेच बाळंतपण केलं. तेव्हापासून माझ्या दोन्ही पोरी तिला मोठी माय म्हणायच्या. धाकटी तर माझ्यापेक्षा तिच्याच कडेवर जास्त असायची. मला कधीकधी रागही यायचा त्याचा.

त्या वैशाखात नागपूरहून माझी थोरली नणंद, तिचे यजमान आणि त्यांची मुलं सुट्टीत राहायला आली. जंगलात राहते म्हणजे वहिनीचे हाल असतील, अशी माया नणंदेच्या बोलण्यात असायची आणि ती मला झोंबायची. म्हणून मी ठरवलं, यांना असं काही खाऊ घालायचं की नागपुरात जाऊन सांगत बसतील. नणंदेच्या यजमानांनी त्याला ‘पार्टी’ असं नाव दिलं. नेम काही नाही. सोवळं नाही, वेळ नाही. व्हरांड्यात वाळ्याचे पडदे लावायचे, पत्ते खेळायचे, भूक लागली की जेवायचं आणि पोट फुटेस्तोवर रस प्यायचा. शाळेचे मास्तर, कंपाउंडर, जंगलनाक्यावरचा नाकेदार अशा सगळ्यांना बायकामुलांसकट बोलावणं.

आंब्याला तोटा नव्हता. गावच्या आमराईत गावरान आंबे पिकून खाली पडत होते आणि त्यांना कोणी हात लावत नव्हतं. मला त्याचं नवल वाटायचं. नणंदेला मी म्हटलंसुद्धा, ‘या लोकांना वस्तूची किंमत नाही बघा, सोन्यासारखे आंबे मुंग्यांना घालतात.’ चपराशाला पाठवून मी चार टोपल्या उचलून आणवल्या. चार वर्षं त्या गावात काढली होती मी. प्रत्येक उन्हाळ्यात मी माहेरी जायची, म्हणून आंब्याच्या दिवसांतलं गाव मला ठाऊकच नव्हतं. पण एखाद्याला विचारायला काय झालं होतं?

मोठी माय सकाळपासून आली होती. पळसाच्या पानांचे द्रोण आणि पत्रावळी तिने एकटीने लावल्या. आम्ही बायका आंबे हाताने मऊ करून रस पिळत होतो, हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. तिला म्हटलं, ‘ये की पिळायला,’ तर म्हणाली, ‘तुम्ही करा बाई, मी पानं लावतो.’ पोरं तिच्यापुढे कोया नाचवत होती, ती हसून तोंड फिरवत होती.

पानं मांडली तेव्हा मी तिला हाताला धरून व्हरांड्यात आणलं आणि सगळ्यांच्या ओळीत बसवलं, माझ्या धाकटीशेजारी. नणंदेने माझ्याकडे पाहिलं. तिच्या घरी असं चालत नव्हतं. मी मुद्दामच तिच्या नजरेला नजर दिली. खरं सांगायचं तर मोठ्या मायला जेवू घालण्यापेक्षा मी कशी सुधारलेली आहे हे नणंदेला दाखवण्याची मला जास्त हौस होती.

सरगुंडे होते, कुरडया होत्या, भजी होती. ते सगळं तिने खाल्लं, दोनदा मागून घेतलं. रसाची बादली घेऊन मी तिच्यापाशी आले, तेव्हा तिने द्रोणावर हात ठेवला.

‘मले नोका वाढू बाई. मले नाई चालत अजून.’

‘काऊन नाई चालत?’

‘गावाचं व्हाचं हाये अजून.’

मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. पण वाढायला उभी राहिलेली मी, मला नको या शब्दाच्या पुढचं काही ऐकायची सवयच नव्हती. मी तिच्या हातावर पळी तिरपी केली. सगळे हसायला लागले, कारण आत्तापर्यंत प्रत्येकाचं हेच झालं होतं. तिने हात काढला नाही. रस तिच्या बोटांवरून मनगटावर आला, पानावर सांडला, तरी हात तसाच. मी दुसरी पळी घेतली.

तेवढ्यात नणंद म्हणाली, ‘वहिनी, तिलेच आपल्या हातचं चालत नसन.’

पुन्हा हशा झाला. नणंदेचे यजमान तर उचकी लागेपर्यंत हसले. आणि माझं डोकं फिरलं. हिला मी ओळीत बसवली, हिच्यासाठी नणंदेचा रोष घेतला आणि हीच मला चारचौघांत तोंडघशी पाडते, एवढंच मला दिसलं.

‘हे पाय,’ मी म्हटलं, ‘आज माझ्या पंगतीतून रस न खाता उठलीस, तर मी समजीन का तुले हे घर नाई पाह्यजे. मग पोरींकडेही येऊ नको.’

हे मी हसत म्हटलं होतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. हसत नव्हते म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या धाकटीकडे पाहिलं. पोरीचं तोंड, फ्रॉक, पोट सगळं रसाने माखलेलं होतं. मग मोठ्या मायने हात काढला, मी द्रोण काठोकाठ भरला, आणि तिने तो उचलून एका दमात रिकामा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नणंदेकडे बघितलं आणि पुढच्या पानाकडे वळले. ती कधी उठली, कधी गेली, मला कळलं नाही. तिची पत्रावळ तिने स्वतः उचलून नेली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. दुपारी नाकेदाराची बायको रिकामं भांडं परत द्यायला आली आणि दाराशीच घुटमळत राहिली. ती सिरोंच्याकडची, पण तिचं अर्धं आयुष्य या गावांतून गेलं होतं.

‘बाई, ते काल बरं नाई झालं,’ ती म्हणाली. ‘या लोकायचा पंडुम नाई झाला अजून.’

मग तिने मला समजावून सांगितलं. नवा आंबा आधी देवाला द्यायचा, सगळ्या गावाने मिळून. तो पंडुम. तो झाल्याशिवाय कोणी आंबा तोंडात घालायचा नाही. एरवी तो चैत्रातच होतो; त्या वर्षी गावचा पुजारी वारला, नवा बसेपर्यंत उशीर झाला, म्हणून आंबे पिकून पडले तरी गाव थांबलं होतं. आणि पंडुमाच्या दिवशी देवाचा नवा आंबा शिजवायचा मान मोठ्या मायच्या घराचा. सासूनंतर पंधरा वर्षं तीच शिजवत आली होती. जिने आधीच खाल्लं तिला त्या चुलीपाशी बसता येत नाही, आणि मान एकदा दुसऱ्या घरात गेला की परत येत नाही.

‘मग काल का नाही बोलल्या तुम्ही?’ मी तिच्यावरच चिडले.

‘साहेबाच्या बायकोच्या मधात कोण बोलन, बाई?’

मोठी माय घरी गेल्या गेल्या स्वतःच सांगून मोकळी झाली होती, की मी आंबा खाल्ला. कोणी दिला विचारलं, तर म्हणे कोणी नाही, माझ्या हाताने खाल्ला. माझं नाव तिने घेतलं नव्हतं. नाकेदाराची बायको पुढे म्हणाली, ‘पण तुम्ही जर गावासमोर सांगतलं ना, का माह्याकडून झालं, मले मालूम नव्हतं, तर तिच्यावर पाणी शिपडतीन अन् संपलं. मान राह्यते तिचा. पाटील येईन तुमच्याकडं पुसाले.’

एवढंच करायचं होतं. दोन वाक्यं बोलायची होती.

मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘गावाच्या भानगडीत आपण पडायचं नाही. उद्या वणवा लागला की हीच माणसं मला लागतात.’ नणंद म्हणाली, ‘वाटीभर रसासाठी तू काय त्यायच्यापुढे हात जोडणार हाये?’ मी दोघांनाही उलट बोलले, भांडले, रात्रीचं जेवले नाही. नवऱ्याला वाटलं मी जाणार. मलाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटील आला. बरोबर दोन म्हातारे. नणंद व्हरांड्यात झोपाळ्यावर बसली होती, तिचे यजमान पेपर वाचत होते, नवरा दाढी करत होता. पार्टीची गोष्ट तीन दिवस घरात चघळली जात होती. द्रोणाचा किस्सा नणंदेच्या यजमानांनी तर नक्कल करून दाखवला होता. पाटील पायरीखाली उभा राहिला. कुंपणाच्या पलीकडे मोठी माय उभी होती, पदर तोंडाशी धरून. तिला त्यांनी बरोबर आणलं होतं.

पाटील अदबीने बोलला. ‘बाई, हे म्हन्ते का आपल्या हातानं खाल्लं. आमाले नाई वाटत. पंधरा वर्षं झाले, एक डाव चुकली नाई हे. तुम्ही देल्लं का तिले? तुमाले कोणी काई नाई म्हननार. पुसून राह्यलो फक्त.’

झोपाळा थांबला. वस्तऱ्याचा आवाजही थांबला. आता नणंदेदेखत, तिच्या नवऱ्यादेखत मी म्हणायचं होतं, की मी एका बाईला धमकी देऊन खायला लावलं. माझा आग्रह, माझी पंगत, माझं सुधारलेपण, सगळं त्या एका वाक्यात जाणार होतं.

मी म्हटलं, ‘त्या दिवशी पंचवीस-तीस माणसं जेवली, पाटील. कोणी काय खाल्लं ते मी कुठी पाहात बसू?’

पाटलाने वळून कुंपणाकडे पाहिलं. मी तिकडे पाहिलं नाही, पण मोठ्या मायचा आवाज आला. एरवी ती आपल्या माणसांशी गोंडीत बोलायची. आत्ता मराठीत बोलली, म्हणजे मला कळावं म्हणूनच.

‘चाला भाऊ. मी सांगतलं होतं ना, मीच खाल्लं.’

पंडुम झाला. ढोल आम्हाला क्वार्टरपर्यंत ऐकू आले. चुलीपाशी दुसऱ्या घरची बाई बसली, असं नाकेदाराच्या बायकोने सांगितलं आणि पुढे त्यावर काही बोलली नाही. नणंद आनंदाने नागपूरला गेली. मोठी माय आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा यायला लागली, पोरींना घेऊन बसायची, माझ्याशी पाण्यापावसाचं बोलायची. तिने माझ्यावर राग धरला असता तर मी तिच्याशी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. तिने ती सोयच ठेवली नाही.

पुढच्या हिवाळ्यात नवऱ्याची गोंडपिपरीला बदली झाली. निघायच्या दिवशी सामान गाडीवर चढत होतं आणि ती मागच्या दारी धाकटीची वेणी घालत होती. पोरगी खेळायला पळाली तशी मी तिच्यासमोर जाऊन बसले. आत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, ‘पाटलाला मी खोटं सांगितलं. मीच तुला खायला लावलं होतं.’ सात-आठ महिन्यांनी ते बाहेर पडलं आणि मला रडू आलं.

ती फणीतले केस काढत होती. ‘मले मालूम हाये, बाई,’ ती म्हणाली. ‘मी तिथीच होती ना.’

तिला ते माहीतच होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते सगळे पुढच्या अंगणात गाडीभोवती उभे होते, पाटील, ते दोन म्हातारे, बायका, अर्धं गाव, आम्हाला निरोप द्यायला आलेले. मी तोंड धुतलं, पदर नीट केला, बाहेर आले, सगळ्यांना हात जोडले आणि गाडीत बसले.