वेलिकामावशीचा कागद

रोज सकाळी कॉफी पिण्याआधी वेलिकामावशी ओलं फडकं आणि बोथट सुरी घेऊन खाली इमारतीच्या दारापाशी जायची. आमच्या प्लोवदिव शहरात माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद घराच्या दारावर, बसथांब्यावर, गल्लीतल्या झाडांवर चिकटवतात. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने पुन्हा नवा. जुने मात्र कुणी काढत नाही. पावसात ते फुगतात, त्यांच्यावर गोगलगायी चढतात. मावशी ते सुरीने खरवडायची, खाली राहिलेली खळ बोटाला घेऊन हुंगायची.

"शी! मेलेल्या माणसाला असल्या पिठाने चिकटवायचं? मी बरणीचं लेबलसुद्धा चिकटवलं नसतं."

तिचं आयुष्य कारखान्यात चटणीच्या बरण्यांवर लेबलं लावण्यात गेलं होतं. वाकडं लेबल दिसलं की ती नाक मुरडायची. तशी तिला किळस कशाचीही यायची. कबुतरांची, दुसऱ्याच्या कंगव्याची, ग्लासाच्या काठावरच्या ओठांच्या ठशाची, लग्नातल्या ओल्या मुक्यांची. नवरा हारालांपी सूप पिताना आवाज करायचा. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी त्याच्या कागदावरचा धुरळा पुसताना ती त्याला सांगायची, "तिथे तरी तोंड मिटून खा रे."

हारालांपीचा फोटो देखणा होता, सैन्यातला, केस मागे वळवलेले. त्याच्या शेजारची जागा तिने रिकामी ठेवली होती. दुसऱ्या कुणाचा कागद तिथे लागू द्यायची नाही.

"इथे मी," ती मला म्हणायची. "पण फोटो नीट हवा, रालित्सा. दात लावलेले, निळी कॉलर, केस सेट केलेले. लोक भाजी घेऊन येता-जाता बघणार. माझ्याकडे बघून कुणाला शिसारी यायला नको, मला सगळ्यांची येते तशी."

असा फोटो तिच्याकडे नव्हता. ओळखपत्रावर ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसायची आणि लग्नाच्या फोटोत अर्धी हारालांपीच्या खांद्यामागे गेली होती. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहायचे, विद्यापीठात शिकायचे, आणि माझ्याकडे कॅमेरा होता. "शुक्रवारी केस करून येते, मग काढ," असं ती म्हणायची. पण नव्या कवळीने तिच्या हिरडीला जखम झाली होती. कवळी लावली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि शुक्रवार पुढे ढकलला जायचा.

त्या मे महिन्यात राजधानीतून, सोफियाहून माझे दोन मित्र आले, कालोयान आणि देसी. शहरभर भटकायचं आणि रस्त्यावर दिसेल त्याचे फोटो काढायचे, एवढाच बेत होता. सकाळचं ऊन टेकडीवरून हळूहळू छपरांवर उतरत होतं. देसी खिडक्यांचे फोटो काढत होती. कालोयानने खिडक्यांकडे पाहिलंही नाही. तो कॅमेरा पोटाशी धरून, न बघताच बटण दाबत बाजारात शिरला. माशाची आतडी बादलीत ओढणारी बाई. बाकावर ओल्या पँटीत झोपलेला म्हातारा. त्याच्या हनुवटीवरची लाळ टिपायला कालोयान इतका जवळ गेला की त्याची सावली म्हाताऱ्याच्या तोंडावर पडली.

"कातडी बघ," तो आम्हाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवत म्हणाला. "असलं आमच्याकडे नाही मिळत."

"हे बघून तुला भूक तरी लागते का रे?" देसीने विचारलं.

"उलट जास्तच लागते."

आणि खरंच त्याने तिथेच उभ्या उभ्या चीज भरलेली खारी बनित्सा खाल्ली. त्याच तुपकट बोटांनी तो म्हाताऱ्याचा चेहरा मोठा करून बघत राहिला. मला ती बोटं बघवेनात. "चला, घरी कॉफी घेऊ," मी म्हणाले.

आमच्या इमारतीच्या दारात कुणीतरी दारुडा ओकून गेला होता. वेलिकामावशी वाकून त्यावर राख टाकत होती. तोंडात कवळी नव्हती. ओठ आत गेलेले, जबडा वासलेला, नाक आक्रसून वर चढलेलं. मागे दारावर हारालांपीचा कागद. मी हाक मारणार तोच कालोयान पुढे धावला, एक गुडघा टेकला, आणि कॅमेऱ्याचा आवाज आला.

"ए! काय काढलंस?"

"तुम्हालाच, आजी. काय सुंदर आलाय!"

"दाखव."

तिने पाहिलं. आधी स्वतःचं तोंड हाताने झाकलं, मग अंगठा पुढे करून पडद्यावरचं.

"पूस ते."

"आजी, हे खरं आहे. हे आयुष्य आहे."

"ओकारी आहे ती. आयुष्य म्हणे! पूस."

"पूस, कालोयान," मी म्हणाले.

त्याने दोन-तीन बटणं दाबली. "पुसला. आईची शपथ."

"शपथ कशाला घेतोस? हात धू आधी, लोणी लागलंय."

शरद ऋतूत तो फोटो पेपरात आला. सोफियातल्या कुठल्याशा स्पर्धेत कालोयानला बक्षीस मिळालं होतं. आमच्या गल्लीतला खाटीक कोस्ता याने कात्रण दुकानाच्या काचेवर चिकटवलं.

"वेलिका, मॉडेल झालीस की! आता आम्हाला ओळख तरी देशील ना?"

मावशीने त्याच्याकडून ओलं फडकं मागून घेतलं. कात्रण कडेकडेने भिजवलं, न फाडता सोडवलं, घडी घातली आणि कातड्या-चरबीच्या बादलीत टाकलं. "तिथे शोभतंय," म्हणाली आणि काही न घेताच घरी आली.

मी कालोयानला फोन केला.

"अगं, पुसणारच होतो," तो म्हणाला. "पण तूच सांग, असा फोटो कुणी पुसतं का? आणि तिचं काय गेलं? प्रसिद्धच झाली."

मी फोन ठेवला.

त्याच शुक्रवारी दार वाजलं. मावशी उभी होती. केस लाटांसारखे बसवलेले, निळी कॉलर, तोंडात कवळी, डोळे भरलेले.

"काढ. दुखतंय, पण काढ. ते दुसरं माझ्या दारावर लागता कामा नये."

मी तिला खिडकीशी बसवलं. उजेड छान होता. मी बटण दाबायला आणि खिडकीवर कबूतर बसायला एकच गाठ पडली. तिचं नाक आक्रसलं. मी पुन्हा काढते म्हणाले. तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"राहू दे. नाक माझंच आहे. आणि कॉलर सरळ आलीय."

मी तिला प्रत करून दिली. ती तिने इस्त्रीच्या चादरींच्या घडीत ठेवली, धूळ बसायला नको म्हणून.

जानेवारीत मी अभ्यासासाठी सोफियाला गेले होते तेव्हा ती झोपेतच गेली. मला कळेपर्यंत पुरूनही झालं होतं. परत आले तर दारावर हारालांपीच्या शेजारी तिचा कागद होता. वाकडा. त्यावर ते वासलेलं तोंड. तेच बसथांब्यावर, तेच झाडांवर, तेच कोस्ताच्या काचेवर.

वर तिच्या घरात पुतण्या गेंचो पोत्यांत सामान भरत होता.

"फोटोच सापडेना," तो सॉसेज चघळत म्हणाला. "छापखानेवाला म्हणाला, पेपरात आलेली हीच ना? मग लावला तोच. बरा आहे की. खरीखुरी दिसते."

"तिला बघवत नव्हता तो."

"आता कुठे बघणार आहे ती?"

मी कपाट उघडलं. चादरींना साबणाचा वास होता. फोटो मधोमध, जसाच्या तसा. तो घेऊन मी छापखान्यात गेले. कागद छापून होईपर्यंत तिथेच बसले होते, तेवढ्यात कालोयानचा फोन आला. मी देसीला कळवलं होतं, तिने त्याला सांगितलं होतं.

"ऐक, ते अजून लावलेले आहेत ना? काढू नकोस. मी येतो. माझा फोटो, तिच्याच दारावर, तिच्याच मृत्यूच्या कागदावर! असं पुन्हा मिळायचं नाही."

"कधीच्या गाडीने?" मी विचारलं.

"दुपारच्या."

ओलं फडकं आणि बोथट सुरी तिच्या बेसिनखालीच होती. आधी झाडं, मग बसथांबा, मग कोस्ताची काच. कोस्ताने गरम पाणी आणून दिलं. शेवटी आमचं दार. खळ बोटाला घेऊन मी हुंगली. पीठच होतं, आंबलेलं. खोबणीतली सगळी काढली आणि घरच्या घट्ट खळीने नवा कागद लावला. मागे सरून पाहिला, जरा डावीकडे उतरला होता, तो सारखा केला.

कालोयान कॅमेरा हातात घेऊनच गल्लीत शिरला. दारावरून निळ्या कॉलरची एक बाई त्याच्याकडे बघून नाक मुरडत होती. त्याने कॅमेरा वर नेला, मग खाली घेतला.

"हा कुणी काढलाय? यात काहीच नाही."

"मागे सरक," मी म्हणाले. "ओलं आहे."

जानेवारीत मी सोफियाला निघाले त्या सकाळी मावशी मला शेवटची भेटली होती. बॅग घेऊन जिना उतरत होते, तिचं दार किलकिलं झालं आणि आतून हात बाहेर आला.

"जातेच आहेस तर ही कचऱ्याची पिशवी खाली टाक. आणि अंगापासून लांब धर, गळतेय."