आई आणि लोला कुठल्या भाषेत बोलल्या?

या ग्रुपवर कुणी अनुभव लिहिला की खाली "गॅस लीक तपासलात का? त्यानेही भास होतात" असं विचारणारी खवचट बाई म्हणजे मी. भुतंखेतं, चमत्कार... माझा काडीचा विश्वास नव्हता. आज मीच लिहायला बसलेय. हसा खुशाल.

आम्ही नेदरलँड्समध्ये टिलबर्गला राहतो. बाबा गेले आणि आई बोलेनाशी झाली. मान हलवून हो-नाही, बस. मी तिला नाशिकहून इकडे आणलं. इथल्या डॉक्टरांना काही सापडलं नाही — वेळ द्या म्हणाले. शांत जागी तिला बरं वाटतं, म्हणून दर रविवारी एखादं जुनं कॅथलिक चर्च दाखवायला न्यायचे. डेन बॉस गावातलं झालं, ब्रेडातलं झालं. ती रंगीत काचा बघत बसायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. बाबांपाठोपाठ हीसुद्धा जाणार, असं मला वाटायला लागलं होतं.

मे महिन्यात ऑफिसातल्या मारितेसने आम्हाला बोलावलं. ती फिलिपिनो. त्यांच्या गावी सुगीच्या सणाला शेतकऱ्यांच्या संतासाठी घरं सजवतात, इथे त्यांनी विटांचं एक जुनं चर्च सजवलं होतं. दारावर भाताच्या लोंब्या, दुधी, कारली, वांगी. आत कमानीखाली लाल-पिवळ्या-हिरव्या पातळ पापड्यांची झुंबरं. तांदळाचं पीठ पानावर पसरून वाफवायचं आणि सोलून काढायचं, असं मारितेस सांगत होती. पानाच्या शिरासुद्धा उमटलेल्या. या तर आमच्या सालपापड्या! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

वळून पाहते तर आईने एक पापडी चक्क तोडून घेतलेली आणि उजेडासमोर धरलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मारितेसची आजी — ते आजीला लोला म्हणतात — काठी टेकत तिच्याकडे निघाली. नुकतीच गावाहून आलेली, त्यांच्या टागालोग भाषेशिवाय एक शब्द येत नाही. आता आईला बोलणी बसणार म्हणून मी पुढे झाले, तर लोला तिच्या शेजारी बाकावर बसली.

आणि आईचे ओठ हलले.

सणासाठी आणलेला बँड एवढा जोरात वाजत होता की ऐकू काहीच येत नव्हतं. पण आई बोलत होती... लोला बोलत होती, मग पुन्हा आई. दोघी रडल्या, मग हसल्याही. मारितेसने माझा हात धरून ठेवला. मी तिथेच उभी राहून रडले, लाज वाटली नाही.

गाडीत आई म्हणाली, "बिचारीचा नवरा होडी घेऊन गेला तो आलाच नाही. त्या सकाळी ही त्याच्याशी भांडली होती गं."

घरी येऊन मारितेसला फोन केला. आई काय म्हणाली ते सांगितलं. भांडणाचं घरात कुणालाच माहीत नव्हतं, लोलाने आज पहिल्यांदा सांगितलं होतं. मग मारितेसने मला लोलाकडून कळलेलं माझ्या आईचं सांगितलं... शेवटच्या रात्री बाबांनी सालपापडी तळून मागितली होती. डॉक्टरांनी तळकट बंद केलेलं, म्हणून आई नाही म्हणाली. बाबांनी सकाळ पाहिली नाही. आपल्या तोंडून निघालेला शेवटचा शब्द "नाही" होता, म्हणून तिने तोंडच मिटून घेतलं. हे मला, पोटच्या मुलीला, टागालोगमधून कळलं.

पुढच्या रविवारी दोघींना पुन्हा भेटवलं. हातात हात घेऊन बसल्या, पण एकीचं एक अक्षर दुसरीला कळेना.

मी आईला विचारलं, "त्या दिवशी कुठल्या भाषेत बोललात?"

"मराठीत. मला तर ती आपल्या नाशिककडचीच वाटली."

मारितेसनेही लोलाला विचारलं होतं. लोला म्हणाली, "किती गोड टागालोग बोलते, आमच्याच गावची असणार."

याचं कारण शोधायचं मी सोडलंय. आत्ता आई स्वयंपाकघरातून माझ्या पोळ्यांना नावं ठेवतेय... आणि मी मुद्दाम गप्प आहे, तिने बोलत राहावं म्हणून.