शेऱ्यांचा रकाना

माझी मावशी एकोणीस वर्षं एकाच हॉटेलात खोल्या साफ करते. राग तिच्या नाकावरच असतो, पण त्या दिवशी तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तोही माझ्यामुळे.

मी तिच्याकडे राहून हॉटेल मॅनेजमेंट शिकते. माझ्या प्रोजेक्टसाठी तिनेच मॅनेजरच्या मागे लागून पाहुण्यांनी भरलेले दोनशे चाळीस अभिप्राय फॉर्म मिळवून दिले होते. मी सगळे गुण मोजले आणि चादरींच्या खोलीत जाऊन तिला ऐटीत सांगितलं, "मावशी, स्वच्छतेला पाचपैकी सरासरी चार पूर्णांक आठ दशांश मिळालेत."

"आणि खाली लोकांनी लिहिलंय ते?"

"शेरे मोजता येत नाहीत गं. ते मी सोडून दिले."

तिने हातातली चादर टेबलावर आपटली. "सोडून दिलेस? आत्ता माझ्यासमोर वाच."

मी एकेक फॉर्म वाचत गेले. नऊ जणांनी, नऊ वेगळ्या अक्षरांत, जवळपास एकच गोष्ट लिहिली होती. खोली साफ करणाऱ्या बाईंचे हात फिनाईल-ॲसिडने सोलवटलेत, त्यांना हातमोजे द्या.

"तीनदा मागितले मी," मावशी म्हणाली. "मॅनेजर म्हणतो, कुणाची काही तक्रार नाही. त्याने हे वाचलंच नसणार."

मी मान खाली घातली. "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं."

"रोज ह्याच हातांनी तुला वाढते मी," ती म्हणाली. "तुला हे कागदावरून कळायला हवं होतं?"