उभ्यानं मागितलेला अहवाल

ऊसदराच्या मोर्चात पोलिसांची लाठी नको तिथं लागली, तेव्हापासून आमच्या शेजारचे फौजी काका चहासुद्धा सावधान उभे राहूनच पितात. लाठीमाराचा अहवाल मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मीच लिहिला. घरातला पहिला पदवीधर मी, गल्लीत दुसरं कोण लिहिणार? उत्तर आलं, ‘बळाचा वापर झालेला नाही.’

काका मला घेऊन थेट ते उत्तर धाडणाऱ्या साहेबांपुढं, कराडच्या पोलीस कचेरीत.

“काका, बसा की,” साहेब म्हणाले.

“बळ वापरलं न्हाई, मग मला बसता का येत न्हाई, तेवढं लिवून द्या.”

आता दर सोमवारी काका टेबलापुढं उभे. वडीलधारा माणूस उभा, म्हणून साहेबही उभे.

परवा साहेब कळवळले, “अहवाल शोधतो काका, पण बसा. माझे पाय गेले.”

“तुमी बसा की साहेब,” काका म्हणाले, “तुमाला कुठं लागलंय?”