मळेवाल्याचा धाकटा मुलगा

माझ्या घरमालकिणीच्या घराण्याचा मूळपुरुष अमेरिकेतल्या एका बड्या तंबाखूच्या मळेवाल्याचा धाकटा मुलगा होता, हे मला ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला तिच्याकडे राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात कळलं. कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, गीझर कसा लावायचा आणि आपण कोणाच्या वंशातल्या, या तिन्ही गोष्टी तिनं मला एका दमात सांगितल्या. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होते आणि घरमालकिणीला दुखवायची माझी टाप नव्हती. मी आदरानं मान डोलावली. मनात म्हटलं, चला, इथेही खानदान आहेच.

गोष्ट अशी होती. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती तेव्हा व्हर्जिनियात या मळेवाल्याची मोठी इस्टेट होती. स्वातंत्र्याची लढाई पेटली तेव्हा धाकटा मुलगा इंग्लंडच्या राजाच्या बाजूनं लढला, डाव्या हाताची दोन बोटं गमावून बसला आणि इस्टेटीवर पाणी सोडून लंडनला गेला. तिथे दिवस फिरले, भुकेपोटी चोरी केली, पकडला गेला आणि कैद्यांच्या जहाजातून इकडे सिडनीला येऊन पडला. शिक्षा भोगल्यावर त्याला पॅरामॅटाजवळ थोडी जमीन मिळाली, लग्न झालं, वंश वाढला. आडनाव मळेवाल्याचंच चालत आलं, आणि मूळपुरुषाचं पाळण्यातलं नावही दर पिढीत एका मुलाला ठेवायची रीत पडली.

पुढे मला नोकरी लागली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला, मी सिडनीच्या वेंटवर्थव्हिलला राहायला गेले. तरी महिन्यातून एक रविवार ट्रेननं म्हातारीकडे जाणं सुटलं नाही. जाताना मी तिच्यासाठी चकल्या न्यायची. आता तिची पंच्याऐंशी उलटली होती आणि डोळे जवळजवळ गेले होते. माणूस दिसायचं, अक्षर दिसायचं नाही. अशाच एका रविवारी तिनं मला कामाला लावलं.

झालं होतं असं, की कुळातल्या सगळ्यांनी मिळून मूळपुरुषाच्या थडग्यावर नवा दगड बसवायचं ठरवलं होतं. जुन्यावरची अक्षरं पार झिजून गेली होती. पुढाकार तिच्या चुलतभावाचा. तो बँकेतून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या कडक शर्टातला, आणि मळेवाल्याचा टेंभा मिरवण्यात सगळ्यांच्या पुढे. त्यानं एका संशोधकाला नेमून मळेवाल्याचं मृत्युपत्र, घराचा नकाशा, असलं सगळं अमेरिकेहून मिळवलं होतं. मळेवाल्याला चार मुलगे होते. तिघांची नोंद पुढेही सापडत होती, धाकट्याची सापडत नव्हती, त्याचं नावसुद्धा कुठे दिलेलं नव्हतं. झालं! हाच आपला, असं म्हणून त्यानं दगडावरचा मजकूर ठरवून टाकला होता: ‘व्हर्जिनियाच्या मळेवाल्याचा कनिष्ठ पुत्र.’ दगड कोरणाऱ्याला पक्का मजकूर महिन्याभरात द्यायचा होता.

“सापडला नाही म्हणजे आपलाच कसा?” म्हातारी म्हणाली. “लव्ह, तू ते कागद वाच. मला खरं काय ते कळायला हवं. माझा बाप खोटं बोलत होता का, एवढंच मला मरायच्या आधी कळू दे.”

आणि मग तिनं मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिचा बाप पोर्ट केंब्लाला पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. सावळा, दाट कुरळ्या केसांचा. घरात म्हणायचे, त्याच्यात स्पॅनिश रक्त आहे. ती सात वर्षांची असताना तो तिला एका नाचाच्या हॉलवर घेऊन गेला होता, नवा कोट घालून. दारावरच्या माणसानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आत सोडायला नकार दिला. बाप म्हणाला, आम्ही व्हर्जिनियाच्या मळेवाल्याच्या घराण्यातले आहोत. त्यावर दारावरचा माणूस हसला, आणि बापाच्या मागे रांगेत उभे असलेलेही हसले. बापानं तिचा हात धरला आणि दोघं चालत घरी आले. त्यानंतर तो कोट त्यानं घातला नाही.

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, आण ते कागद.

मी पॅरामॅटाला एका सरकारी खात्यात जुन्या फायली स्कॅन करायचं काम करते. त्यामुळे म्हातारीला वाटायचं, कागद म्हटला की मला सगळं येतं. मला काहीही येत नव्हतं. पण कागदांचे फोटो काढून घेतले आणि रोज ट्रेनमध्ये मोबाइलवर ती वळणदार अक्षरं मोठी करून करून वाचायला लागले. पहिल्याच आठवड्यात मळेवाल्याच्या बायकोचं मृत्युपत्र हाती लागलं. त्यात तिनं लिहिलं होतं, मला बागेत माझ्या धाकट्या मुलाशेजारी पुरा, जो नऊ वर्षांचा होऊन गेला. म्हणजे धाकटा ना लढला, ना लंडनला गेला. चुलतभावाच्या भ्रमाचा भोपळा फुटला, पण मला आनंद होईना. कारण म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर आता ‘हो, बाप खोटं बोलत होता’ असं निघत होतं.

पुढचे दहा दिवस मी पुतणे शोधले, भाचे शोधले, जावई शोधले. एकाचीही बोटं तुटलेली नव्हती. शेवटी हात टेकले आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा अमरावतीला तहसील कचेरीत कारकून होते. सगळी नोकरी जुन्या दप्तरात गेली.

“इस्टेटीची यादी आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे ना बाबा. मळेवाला मेल्यावर केलेली. वाचली मी.”

“कुठून वाचली?”

“कुठून म्हणजे? वरून.”

बाबा चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. “तू? तूही वरूनच वाचलीस? अगं, खालून वाच.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली, त्याआधी आमच्या माणसांना गावच्या कागदात जागा असायची ती शेवटच्या पानावर. मी कॉलेजात असताना बाबांनी मला गावच्या जुन्या दप्तराची एक नक्कल दाखवली होती. वर पाटील, मग कुलकर्णी, मग बाकीचे मानकरी, सगळे बापाच्या नावासकट. अगदी तळाशी माझे खापरपणजोबा. बापाचं नाव नाही, आडनाव नाही, नुसतं अर्धंमुर्धं नाव आणि पुढे काम: वेशीची राखण. आपली माणसं शोधायची तर तळापासून सुरुवात करायची, हे बाबांनी तेव्हा बोट ठेवून शिकवलं होतं. आणि मी इथे येऊन मळेवाल्याची चांदीची भांडी आणि भिंतीवरचे आरसे वाचत बसले होते! पहिल्या दोन पानांनंतर गायी-घोडे सुरू झाले तसं मी पुढचं नुसतं सरकवलं होतं.

शेवटचं पान उघडलं. घोडे, बैल, डुकरं, लोखंडी कढया, आणि त्यांच्या खाली माणसं. एकेक नाव आणि प्रत्येकासमोर किंमत. एका बाईपुढे लिहिलं होतं, म्हातारी, किंमत नाही. मी ट्रेनमध्ये होते, समोर शाळेची मुलं चिप्स खात होती, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. खालून तिसरं नाव आमच्या म्हातारीच्या घरात दर पिढीत ठेवतात तेच होतं. पुढे लिहिलं होतं: करवतकाम करतो, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत.

नाव जुळलं, बोटं जुळली, तरी मला पक्कं हवं होतं. मळेवाल्याचे वारस पुढे काय म्हणतात ते आता मी त्या काळच्या वर्तमानपत्रांत शोधू लागले, आणि चार दिवसांनी मोठ्या मुलानं दिलेली जाहिरात सापडली. आमच्या इस्टेटीवरचा करवत्या पळाला आहे. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. बोलायला चलाख, नजरेला नजर देतो, आमचं आडनाव लावून स्वतंत्र असल्याचं सांगेल. इंग्रजांच्या जहाजांकडे गेला असावा. आणून देणाऱ्यास इनाम. त्या लढाईत पळून आलेल्या गुलामांना इंग्रज मोकळं करत होते. लंडनच्या खटल्याच्या कागदात आणि इथल्या कैद्यांच्या नोंदीतही तेच नाव, तेच आडनाव आणि धंदा करवत्या. आता शंकेला जागाच नव्हती.

आता म्हातारीला सांगायचं कसं? खरं सांगते, मला भीती वाटत होती. माणसाच्या पाठीमागची भिंत काढून घेणारे आपण कोण? दगडाचा मजकूर शुक्रवारी द्यायचा होता. मी आदल्या रविवारी तिच्या स्वयंपाकघरात बसून चहाचे दोन कप संपवले, हवेवर बोलले, चकल्यांवर बोलले.

“मेट,” ती म्हणाली, “तू इतका वेळ हवेवर कधी बोलत नाहीस. वाच.”

मी वाचलं. आधी बायकोचं मृत्युपत्र, मग यादीचं शेवटचं पान, तळापासून, घोड्यांपर्यंत. मग जाहिरात. वाचताना मी तिच्याकडे बघितलं नाही. वाचून झाल्यावर ती टेबलावरच्या कपाची कड चाचपत राहिली.

“म्हणजे तो पळाला,” ती म्हणाली.

“हो.”

“त्यांच्या हातावर तुरी देऊन पळाला. त्यांचंच आडनाव लावून!” आणि तिनं टेबलावर असा काही हात आपटला की चमचा खाली पडला. “चोर चोर म्हणतात त्याला आमच्यात दबक्या आवाजात. त्यानं पहिली चोरी स्वतःची केली. शाबास रे पठ्ठ्या!” ती हसत होती आणि रडतही होती, आणि मीही. मग जरा शांत झाल्यावर म्हणाली, “बापाला हे माहीत असतं तर त्या दारावर त्यानं काय सांगितलं असतं! परत नुसता आला नसता गं तो.”

चुलतभावाला तिनं बुधवारी बोलावून घेतलं. तो कागद बघत असताना त्याचा चेहरा उतरत गेला, मग लाल झाला. म्हणाला, हा सगळा योगायोग असू शकतो. म्हणाला, आमच्या घराण्याबद्दल आम्हाला सांगणारी ही मुलगी कोण? मी तोंड उघडणार तोच म्हातारीनं मला हातानं थांबवलं. “आपण दोघांनी जन्मभर जिथे बघितलं नाही तिथे तिनं बघितलं. मजकूर मी देणार. तुला यायचं तर ये.” तो निघून गेला. जाताना इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला दिसला. तिला वाईट वाटलं. लहानपणी दोघं एकाच घरात वाढले होते.

मजकूर तिनं सांगितला आणि मी टाइप केला. दगड बसला त्या शनिवारी पॅरामॅटाजवळच्या त्या जुन्या दफनभूमीत सगळं कूळ लोटलं होतं. बायका, बाबागाड्या, कुत्री, बर्फाच्या पेट्या. चुलतभाऊ आला नव्हता. म्हातारीनं कापड ओढलं आणि मला मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचलं: ‘व्हर्जिनियाच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला. तिथून स्वतःच्या पायांनी निघाला. इथे शेती केली. आम्ही सगळे त्याचे.’ मग ती म्हणाली, ही शेतीची जमीन इथल्या मूळच्या धरुग लोकांची होती आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हेही आज मोठ्यानं बोलून ठेवू या. मग तिनं मला यादीतली बाकीची नावंही वाचायला लावली, किंमत नसलेल्या बाईच्या नावापासून. प्रत्येक नावानंतर टाळ्या पडत होत्या. चौथ्या-पाचव्या नावाला पोरंटोरं शिट्ट्या मारायला लागली आणि म्हातारी त्यांना म्हणाली, अजून जोरात! माझा ऊर भरून आला. वाटलं, बाबा इथे हवे होते.

शेवटचं नाव झालं आणि मागची माणसं बाजूला सरकली. चुलतभाऊ येत होता, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी धरून. दगडापाशी येऊन त्यानं कागद फाडला. आत एक जुना, काचेच्या चौकटीतला फोटो होता. गर्द सावळा तरुण, कुरळे केस, ताठ मान, रोखून बघणारे डोळे.

“हे माझे वडील,” तो सगळ्यांना म्हणाला. “पंचवीस वर्षांचे असतानाचे. आमच्या घरात हा फोटो कपाटात उलटा ठेवलेला असायचा. आईनं ठेवला, मग मीही ठेवला.” त्यानं वाकून फोटो दगडाला टेकवून उभा केला, तोंड लोकांकडे करून.

म्हातारीला फोटो दिसला नसणार. तिनं त्याचा हात शोधून धरला आणि पोरांना हाक मारली, या रे सगळे, या फोटोच्या बाजूला उभे राहा, आणि माझ्या काकांना मधे राहू द्या.