पाय दिसणारं पाणी

आये कुल्फी खायच्या त्या भिंतीकडे तोंड करून. घरात आम्ही दोघंच, मी आणि त्यांचा मुलगा म्हणजे माझा नवरा. तरीही ताटली पदराआड धरायच्या. टीव्हीवरचा विनोद असो की नवी साडी, जे सुखाचं असेल ते माझ्या सासूबाई जरा बाजूला होऊन घ्यायच्या. त्या ऐन तरुण असतानाच त्यांचा नवरा गेला. तेव्हापासून हसताना कुणाला दिसू नये, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. मी टोकलं की म्हणायच्या, "कोनी बगल ना." सुकापूरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर बघायला फक्त कबुतरं होती.

त्यांचं माहेर उरणकडचं, मिठागरात राबणारं. लहानपणापासून त्या खाऱ्या चिखलात उभ्या राहिलेल्या. हौसेनं कुणी समुद्राला जातं, याचं त्यांना नवल वाटे. गेल्या वर्षी सुट्टीसाठी आम्ही अंदमानचं ठरवत होतो. नवऱ्यानं मोबाइलवर तिथला किनारा दाखवला. एक बाई गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिच्या पायांची बोटं स्वच्छ दिसत होती. आयेंनी मोबाइल हातात घेतला.

"पान्यान पाय दिसतान?"

"दिसतात ना. खाली मासेही दिसतात."

"आमच्या खाडीत पाय घातला का गेला. बायेर काडल्यावर समजायचं, कुनाचा हाय तो."

 रात्री जेवताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मी आले त चालंल?" आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली, मला माहीत असलेली, ही एकच गोष्ट.

त्यानंतरचे दिवस घरात वेगळेच होते. आये रोज तो किनारा बघायच्या. विमानात खिडकी उघडते का, तिथली माणसं मराठी बोलतात का, असे प्रश्न अचानक यायचे. पनवेलच्या बाजारातून मी त्यांच्यासाठी फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस आणला. नवरा म्हणाला, "आये, हा घालशील तू?"

"घालीन. तिकरं कोन वलखतं मना?"

"फोटो काढला तर?"

"मंग तुज्या बायकोचा काड. मी मागं दिसन, कोनीतरी बाय म्हनून." आणि त्या हसल्या. पदर तोंडावर घ्यायला विसरल्या होत्या.

मी वाचनालयात काम करते. विधवांच्या दुःखावरची कितीतरी पुस्तकं मी वाचली आहेत, वाचकांना आग्रहानं दिली आहेत. हे सांगते, कारण पुढचं मला त्यामुळेच जास्त जड जातं. एका संध्याकाळी आये आणि मी पाण्यात चालतील अशा चपला घेऊन परतत होतो. इमारतीच्या दारात खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू भेटल्या.

"आजी, प्रवासाची तयारी चाललीय म्हणे. कुठं निघाली स्वारी?"

आयेंचा चेहरा उजळला होता. त्या सांगणार होत्या, मला अगदी खात्री आहे. पण साठी उलटलेली विधवा समुद्रात खेळायला चालली आहे, हे काकूंच्या कानावर जाईल आणि मग साऱ्या इमारतीत फिरेल, या विचारानं मलाच कसंतरी झालं. मी मध्येच बोलले, "रामेश्वरला नेतोय त्यांना."

आयेंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सावंतकाकू घरी आल्या. त्यांच्या हातात गंगेचा गडू होता, तांब्याचा, तोंड लाखेनं बंद केलेला. काकूंच्या सासूबाईंनी काशीहून आणलेला. त्यातलं पाणी रामेश्वराला घालायचं त्यांच्या मनात होतं, पण त्याआधीच त्या वारल्या. देवघरात गडू तसाच राहिला होता. "आमच्याकडून काही जाणं होत नाही आता. आजी, एवढं तुमच्या हातून होऊ दे," म्हणत काकू आयेंच्या पाया पडल्या. आयेंनी गडू दोन्ही हातांनी घेतला. 

दार लागल्यावर मी म्हणाले, "मी खाली जाऊन खरं सांगून येते."

"नको. म्हातारीची विच्छा हाय ती. आता मी हे घरान ठेवून पान्यान नाचू?" थोड्या वेळानं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू बोललीस ती माज्यासाटीच बोललीस."

तसं नव्हतं. त्यांची ढाल करून मी माझी लाज झाकली होती. तरीही मी त्यांच्या हातून गडू घेऊन देवघरात ठेवला.

आम्ही खरोखरच रामेश्वरला गेलो. आयेंनी गडू पुजाऱ्याच्या हाती दिला आणि पाणी देवाला पोचेपर्यंत डोळे उघडले नाहीत. मग समुद्रस्नान. गर्दीनं ढवळलेल्या पाण्यात त्यांनी नाक धरून बुड्या मारल्या, एक सावंतकाकूंच्या सासूच्या नावानं. स्वतःच्या नावानं मारली की नाही, कळलं नाही. मी म्हणाले, "आये, पुढच्या हिवाळ्यात अंदमान. नक्की." साडी पिळत त्या म्हणाल्या, "बगू."

हिवाळा येण्याआधीच आये झोपेत गेल्या.

भेटायला येणारा प्रत्येक जण रामेश्वराचा विषय काढतो. आयेंना पुण्यवान म्हणतात आणि मला सासूची इच्छा पुरवणारी सून. सावंतकाकूंनी तर आपल्या सुनेला माझ्यासमोर बसवून ते ऐकवलं. मी मान हलवली. इमारतीच्या फलकावर श्रद्धांजलीच्या चार ओळी लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि मी पुस्तकांत असते, म्हणून. खडू हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. मागे कुणीतरी जिना उतरत होतं. मी लिहिलं, 'आये अत्यंत धार्मिक वृत्तीच्या होत्या.'